लसीनंतर की लसीमुळे?

आजची गोष्ट एका बाटलीपासून सुरू करू. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

तारीख ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव. आज ते पाकिस्तानात आहे. प्लेगची साथ चालू होती आणि गावात लस टोचण्याचं काम सुरू होतं. लस आली होती मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून. त्या दिवशी गावात १०७ जणांनी टोचून घेतलं. पुढच्या काही दिवसांत त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळेच्या सगळे दगावले.

ही लस बनवली होती वाल्देमार हाफकिन यांनी. हाफकिन मूळचे ओडेसाचे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा ते इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी लसीचा पहिला डोस स्वतःलाच टोचून घेतला. पाच वर्षांत लाखो लोकांना ती लस दिली गेली. पण मुल्कोवालनंतर सगळं फिरलं. चौकशी बसली, ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावं लागलं.

मग त्यांची सुटका कशाने झाली? नोंदवहीने. कोणाला कोणत्या बाटलीतून टोचलं हे लिहून ठेवलेलं होतं. ते तपासल्यावर दिसलं, की १९च्या १९ जणांना लस मिळाली होती ५३-एन याच बाटलीतून. त्याच दिवशी त्याच गावात इतर बाटल्यांमधून टोचून घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नव्हता. आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, असं साक्षीत आलं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचं सांगितलं आणि सरकारने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात नेमलं. परळच्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव दिलं गेलं. तीच आपली हाफकिन इन्स्टिट्यूट.

मुल्कोवालमध्ये नावं होती १०७. ती एका वहीत मावली. पण लस कोट्यवधींना दिली जाते तेव्हा ती वही कोण ठेवणार? आणि लस दिल्याची वही एकीकडे, दवाखान्यात दाखल झाल्याची वही दुसरीकडे असेल, तर त्या दोन वह्या शेजारी शेजारी कोण ठेवणार? आजचा आपला विषय हाच आहे.

आता जरा शाळेतलं गणित आठवा. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. लस घेतल्यावर आजारी पडलेला माणूस आपल्याला दिसतो. त्याची बातमी होते, शेजारीपाजारी चर्चा होते. तो अंश. पण लस घेऊन काहीही न झालेले लाखो लोक कोणाला दिसतात? तो छेद. आणि अजून एक आकडा लागतो, जो सगळ्यात जास्त विसरला जातो: लस घेतलीच नसती तर तेवढ्याच लोकांमध्ये, तेवढ्याच दिवसांत, तोच आजार किती जणांना झाला असता? हे तीन आकडे हातात असल्याशिवाय ‘लसीनंतर’ आणि ‘लसीमुळे’ यांतला फरक सांगता येत नाही. ज्याच्या घरात आजार झाला त्याला तर नाहीच नाही, पण डॉक्टरलाही सांगता येत नाही.

लसीमुळे खरंच नुकसान होऊ शकतं, हे आधी स्पष्ट म्हणून ठेवतो. १९५५ साली अमेरिकेत जोनास साल्क यांची पोलिओची लस आली. एप्रिलमध्ये घोषणा झाली, चर्चमधल्या घंटा वाजल्या. आणि दोनच आठवड्यांत कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजची लस थांबवावी लागली, कारण तिच्या काही साठ्यांत पोलिओचा विषाणू जिवंत राहिला होता. सुमारे २०० मुलं आणि माणसं पांगळी झाली, १० जण दगावली. हे इतक्या लवकर कसं कळलं? कारण ज्या हातावर टोचलं होतं नेमका तोच हात लुळा पडत होता, आणि आजारी मुलांच्या लसीवर नाव एकाच कंपनीचं होतं. इथे कारण डोळ्यांना दिसत होतं. असं नेहमी होत नाही.

१९७६ साली तसं झालं नाही. त्या वर्षी अमेरिकेने स्वाइन फ्लूची साथ येणार या भीतीने चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. साथ आलीच नाही. पण काही लोकांना जीबीएस झाला, म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोम. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात ज्याने घबराट उडवली होती, तोच हा आजार. पाय लुळे पडत जातात, श्वासाचे स्नायूही थकतात. आता पुण्यात लसीचा काही संबंध नव्हता. म्हणजे हा आजार लसीशिवायही होतो. मग १९७६च्या रुग्णांपैकी किती जणांना तो तसाही झाला असता आणि किती जणांना लसीमुळे झाला? हे मोजायला साथरोगतज्ज्ञांना राज्याराज्यांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून रुग्ण गोळा करावे लागले. उत्तर आलं: दर एक लाख लसींमागे साधारण एक जास्तीचा रुग्ण. मोहीम डिसेंबरमध्येच थांबवली होती. पण धडा मिळाला: प्रश्न उभा राहिल्यावर वह्या शोधत फिरण्यात फार वेळ जातो.

पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत वातावरण तापलं. १९८२ साली डांग्या खोकल्याच्या लसीवर एक टीव्ही माहितीपट आला. मेंदूला इजा झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील पडद्यावर दिसले. त्या पालकांचं दुःख खरं होतं. कोर्टात दावे उभे राहिले, कंपन्यांनी लसी बनवणं सोडायला सुरुवात केली, तुटवडा पडू लागला. १९८६ साली कायदा झाला आणि १९९० साली दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली, तक्रारपेटी: कोणीही, डॉक्टर असो वा पालक, लसीनंतर काही झालं तर कळवू शकतो. तिचं नाव व्हेअर्स. दुसरीकडे मात्र बाहेर फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि आपल्या गोष्टीची नायिका तीच आहे. तिचं नाव व्हॅक्सिन सेफ्टी डेटालिंक.

कल्पना साधी होती. अमेरिकेत काही आरोग्यसंस्था अशा आहेत, की त्यांचे सभासद विमा, डॉक्टर, औषधं, हॉस्पिटल हे सगळं त्यांच्याकडूनच घेतात. सिअ‍ॅटलची ग्रुप हेल्थ, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कैसर परमनेंटेच्या तीन शाखा, अशा चार संस्थांशी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, करार केला. या कामाच्या सुरुवातीला सीडीसीमध्ये पुढाकार होता डॉ. रॉबर्ट चेन यांचा. या संस्थांच्या संगणकात एकाच सभासदाच्या नावावर तीन गोष्टी होत्या: कोणत्या तारखेला कोणती लस, कोणत्या तारखेला कोणत्या आजारासाठी दवाखाना, आणि वय-लिंग वगैरे माहिती. आता तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की झालं. लस घेतलेल्या किती मुलांना पुढच्या आठवड्यात आकडी आली? लस न घेतलेल्या त्याच वयाच्या किती मुलांना आली? अंशही त्यातच, छेदही त्यातच.

अर्थात संगणकावरचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. केसपेपरवर ‘आकडी?’ असं प्रश्नचिन्हासह लिहिलेलंही नोंदीत ‘आकडी’ म्हणूनच जातं. म्हणून संशय आला की डॉक्टर मूळ केसपेपर काढून वाचतात. आणि दुसरी मोठी काळजी गुप्ततेची. पुढे पद्धत अशी बसवली गेली, की रुग्णांची माहिती त्या त्या संस्थेतच राहते. सीडीसी फक्त प्रश्न पाठवते, संगणकाची आज्ञावली म्हणून. संस्था ती आपल्याच घरात चालवते आणि उत्तर देते. थोडक्यात, वही घराबाहेर जात नाही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९९९ साली झाली. आदल्या वर्षी रोटाशील्ड नावाची लस आली होती. रोटाव्हायरस म्हणजे तान्ह्या मुलांना जुलाब-उलट्यांनी कोरडं पाडणारा विषाणू. तेव्हा जगात दरवर्षी चार लाखांहून अधिक मुलं त्याने जात होती, आणि त्यात भारताचा वाटा फार मोठा होता. लस येण्याआधीच्या चाचण्यांमध्ये सुमारे दहा हजार बाळांना ती दिली होती. त्यातल्या पाच बाळांना इंटससेप्शन झालं होतं. यात आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरतो, जसा अंगरख्याच्या बाहीत बाहीचाच भाग आत सरकावा. वेळेत उपचार न झाल्यास जीवावर बेततं. पण हा आजार लसीशिवायही बाळांना होतो. दहा हजारांत पाच हा आकडा योगायोगही असू शकत होता.

लस बाजारात आल्यावर वर्षभराच्या आत तक्रारपेटीत इंटससेप्शनची १५ पत्रं आली. फक्त १५. पंधरा लाख डोस देऊन झाल्यावर १५ म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, असं कोणीही म्हणालं असतं. पण किती जणांनी कळवलंच नाही, हे तक्रारपेटी सांगत नाही. १६ जुलै १९९९ रोजी सीडीसीने लस थांबवायला सांगितलं आणि मग आरोग्यसंस्थांच्या नोंदींतून व डॉक्टरांच्या केसपेपरमधून शोध सुरू झाला. नोंदींनी दाखवलं की पहिल्या डोसनंतर आठवडाभरात धोका स्पष्ट वाढतो. डेटालिंकच्या हिशेबाने सुमारे ११ हजार बाळांमागे एक जास्तीचा रुग्ण. ऑक्टोबरमध्ये कंपनीने लस मागे घेतली.

विजय? अर्धाच. अमेरिकेत रोटाव्हायरसने मूल क्वचितच दगावतं, सलाइन मिळतं, हॉस्पिटल जवळ असतं. तिथे ११ हजारांत एक हा धोका नको होता, हे समजू शकतं. पण जिथे त्याच विषाणूने दर काही शे मुलांमागे एक मूल जात होतं, त्या देशांचं काय? त्यांच्यासाठी तोच हिशेब उलटा होता. पण अमेरिकेने टाकून दिलेली लस आपल्या मुलांना कोणतं सरकार देईल? नव्या लसी यायला २००६ उजाडलं, आणि त्या आणण्याआधी दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर चाचणी घ्यावी लागली. मधली वर्षं गरीब देशांतल्या मुलांनी भरली. धोका किती हे नोंदी सांगतात. तो घ्यायचा की नाही हे तुम्ही कुठे राहता यावर ठरतं.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडे घडला. भारतात रोटाव्हॅक ही लस तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. २०१६ साली ती सरकारी लसीकरणात आली, आधी आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशात. या वेळी आपण १९९९ विसरलो नव्हतो. देशातल्या २७ हॉस्पिटलांमध्ये इंटससेप्शन झालेल्या प्रत्येक बाळाची नोंद घ्यायची आणि त्याच्या लसीच्या कार्डावरची तारीख शेजारी ठेवायची, असं काम उभं राहिलं. पद्धतही सुंदर होती. ती इंग्लंडमध्ये पॅडी फॅरिंग्टन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ साली मांडली होती. यात बाळाची तुलना दुसऱ्या बाळाशी करायचीच नाही. त्याच बाळाचे लसीनंतरचे काही आठवडे आणि बाकीचे आठवडे यांची तुलना करायची. मग गरीब-श्रीमंत, गाव-शहर हे फरक आपोआप गळून पडतात. ९७० बाळांच्या नोंदी तपासल्यावर २०२० साली निष्कर्ष आला: लसीमुळे धोका वाढल्याचं दिसत नाही. तारीख कुठून मिळाली? आईने जपून ठेवलेल्या कार्डावरून.

नोंदी लसीवरचा आळ जसा सिद्ध करतात तसा धुऊनही काढतात. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख आला. १२ मुलांच्या आधारे त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला होता. बारा. लेख २०१० साली मागे घेतला गेला, पण मधल्या काळात युरोपात लसीकरण घसरलं आणि गोवर परतला. उत्तर कोणी दिलं? डेन्मार्कने. त्या देशात १९६८पासून प्रत्येक नागरिकाला जन्मतः एक क्रमांक मिळतो आणि लस, हॉस्पिटल, मानसोपचार हे सगळं त्याच क्रमांकाला जोडलेलं असतं. १९९१ ते १९९८मध्ये जन्मलेल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी २००२ साली तपासल्या गेल्या. सुमारे एक लाख मुलांनी ती लस घेतलीच नव्हती, त्यामुळे तुलना हाताशी होती. ऑटिझमचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. २०१९ साली साडेसहा लाखांहून अधिक मुलांवर हेच पुन्हा तपासलं, उत्तर तेच.

आणि कोविडच्या काळात नोंदींनी अजून एक गोष्ट शिकवली. फायझरच्या लसीनंतर तरुण मुलग्यांना हृदयाच्या स्नायूला सूज येते, असं दिसू लागलं. इस्रायलच्या क्लॅलिट या आरोग्यसंस्थेने २०२१मध्ये आपल्या सभासदांच्या नोंदींतून आकडा काढला: एक लाखामागे सुमारे तीन जास्तीचे रुग्ण. पण तिथेच न थांबता त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, कोविड झाल्यावर हीच सूज किती जणांना येते? एक लाखामागे ११. धोका लपवला नाही, फक्त त्याच्या शेजारी दुसरा धोका ठेवला. लोकांना विश्वास वाटतो तो अशा वागण्याने.

आता आपल्या देशाकडे येऊ.

२००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याच्या भागात, आपल्या बडोद्याकडे, मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. सुमारे २४ हजार मुली. त्यांपैकी सात मुली पुढच्या काही महिन्यांत मरण पावल्या आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली: एक मुलगी बुडाली, एकीला साप चावला, कोणी कीटकनाशक प्यायलं, कोणाला मलेरिया झाला. लसीचा संबंध दिसत नाही, असं समितीने म्हटलं. पण त्याच चौकशीत हेही निघालं, की अनेक मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. लसीनंतर काय होतं यावर लक्ष ठेवण्याची धड व्यवस्थाच नव्हती.

जरा थांबून विचार करा. २४ हजार मुलींमध्ये वर्षभरात सात मृत्यू हे जास्त की नेहमीइतकेच? त्या जिल्ह्यात त्या वयाच्या मुली एरवी किती मरतात, कशाने मरतात, हे आधी लिहून ठेवलेलं असतं तर उत्तर आठवड्यात मिळालं असतं. ते नव्हतं. म्हणून एका बाजूला लसीवर संशय राहिला, दुसऱ्या बाजूला त्या सात घरांना समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि गरीब मुलींना गिनीपिग केलं ही भावना मागे उरली. छेद नसला की असं होतं.

कोविडमध्ये आपण एक वही फार मोठी केली. कोविनवर १७ जुलै २०२२पर्यंत २०० कोटी डोसांची नोंद झाली. तारीख, वेळ, लस, सगळं. पण दुसरी वही? पुण्याच्या सीरमने बनवलेल्या कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा प्रश्न आला, तेव्हा मे २०२१मध्ये आपल्या राष्ट्रीय समितीने सांगितलं, की असे २६ संभाव्य रुग्ण आढळले आहेत, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा ४ आणि जर्मनीचा १० दिला होता. आपल्याकडे कमी का? दक्षिण आशियाई लोकांमध्ये गुठळ्यांचं प्रमाण मुळातच कमी असतं, हे एक कारण दिलं गेलं आणि ते खरंही आहे. पण दुसरं कारणही असू शकतं: खेड्यातल्या माणसाचं डोकं दुखलं, तो दगावला, आणि कोणी कळवलंच नाही. या दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे तक्रारपेटी सांगू शकत नाही. कोविनची वही हॉस्पिटलांच्या नोंदींना जोडलेली असती तर सांगता आलं असतं.

मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की लसीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसाला आणि डॉक्टरला थेट करता यावी आणि ती लोकांना पाहता यावी, रुग्णाची ओळख उघड न करता. आता आभा क्रमांक आहे, मुलांच्या लसींसाठी यूविन आहे. धागे आहेत, पण अजून ते एकत्र विणलेले नाहीत. एखाद्या बाळाला लस पाटण्यात मिळते, बाप कामासाठी सुरतेला जातो, बाळ तिथल्या खासगी दवाखान्यात दाखल होतं आणि केसपेपर हाताने लिहिलेला असतो. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण इंदूर, हैदराबाद, बेळगावला आहेत. राज्य बदललं की जुनी फाइल कशी हरवते, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि जोडणी झाली तरी दोन अटी सोडता येणार नाहीत. माणसाची माहिती चव्हाट्यावर येता कामा नये. आणि निघालेलं उत्तर गैरसोयीचं असलं तरी सांगितलं गेलं पाहिजे. अमेरिकेतही २०००नंतर डेटालिंकच्या नोंदी बाहेरच्या अभ्यासकांना का दाखवत नाही, यावरून मोठा वाद झाला आणि दारं थोडी उघडावी लागली. वही बंद ठेवली की लोक ती आपल्या मनानेच वाचतात.

हाफकिन यांना निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. वही असूनही. कारण ती वाचायची कशी यावरच आधी भांडण झालं. आज ती वाचण्याची पद्धत आपल्याला माहीत आहे, संगणक आहेत, क्रमांक आहेत. उरलंय ते फक्त लिहिणं आणि जोडणं. तोवर एक छोटं काम आपल्या हातात आहे. घरातल्या बाळाचं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. आणि लसीनंतर काही गंभीर झालं तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवा, तुमच्या मते लसीचा संबंध असो वा नसो. संबंध आहे की नाही, ते तुमच्या एका नोंदीवरून ठरणार नाही. पण तुमच्या नोंदीशिवायही ठरणार नाही.

पुढच्या भागात भेटू.